बारावीचे गुण आणि सीईटीचा पर्सेंटाइल: इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पहिल्यांदाच निघालेल्या घरांसाठी

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक मुलगा दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. एक सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल, ९४ च्या वर पर्सेंटाइल. घरी पेढे वाटून झाले होते. दुसरा कागद बारावीच्या गुणपत्रिकेचा: भौतिकशास्त्र ४७, रसायनशास्त्र ४५, गणित ४१. मी पेन घेऊन बेरीज मांडली. १३३. मुलगा खुल्या प्रवर्गातला, म्हणजे या तीन विषयांत मिळून ३०० पैकी १३५ हवेत. दोन गुण कमी. भूगोलात त्याला ८१ होते, पण भूगोल या बेरजेत धरत नाहीत.

"सर, पण सीईटीत एवढे पडलेत ना?" वडील पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. मुलगा जमिनीकडे बघत होता. त्याचं ते वर्ष गेलं. श्रेणीसुधारासाठी त्याला पुन्हा बारावीला बसावं लागलं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. जून-जुलैत घराच्या ओट्यावर सतरंजी टाकलेली असते, आणि ज्यांच्या घरातून याआधी कुणी इंजिनिअरिंगला गेलेलं नाही अशी मुलं आईवडिलांना घेऊन येतात. त्यांना जे तोंडी सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे. हे महाराष्ट्रातल्या बीई-बीटेक प्रवेशाबद्दल आहे. इतर वाटांचं शेवटाकडे थोडक्यात.

पहिली पायरी: दोन आकड्यांची कामं वेगळी आहेत हे घरातल्या सगळ्यांना कळू द्या

बारावीचे गुण तुम्हाला दारातून आत सोडतात. आत गेल्यावर रांगेत कितवं उभं राहायचं ते सीईटी ठरवते. एवढं एक नीट समजलं की पुढची निम्मी घालमेल थांबते.

दाराची अट अशी: भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय हवेतच, आणि त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र, जीवशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, संगणकशास्त्र, व्होकेशनल यांसारखा नियमात दिलेला एक विषय. या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना, आर्थिक दुर्बल घटकांना आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के, म्हणजे १२०. प्रत्येक विषयात एवढे लागतात असं नाही, तिन्हींची बेरीज बघतात.

दारातून आत आल्यावर मात्र बारावीत ५५ टक्के असलेला आणि ९२ टक्के असलेला एकाच मैदानात येतात. राज्याची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. दोघांचा पर्सेंटाइल अगदी सारखा निघाला तर आधी सीईटीतला गणिताचा पर्सेंटाइल बघतात, मग भौतिकशास्त्राचा, मग रसायनशास्त्राचा. तिथेही बरोबरी झाली तरच बारावीचे गुण पुढे येतात.

हे कायम असंच होतं असं मात्र नाही. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यात सीईटीऐवजी जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा धरली होती आणि निम्मा भार बारावीच्या गुणांवर होता. २०१६ पासून सीईटी परत आली. म्हणून मोठ्या चुलतभावाने सांगितलेला नियम तुमच्या वर्षाला लागू असेलच असं धरू नका. सीईटी सेलच्या (ही परीक्षा आणि प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावरची त्या वर्षाची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि पात्रतेचं पान स्वतः वाचा.

दुसरी पायरी: अकरावीला नाव घालतानाच दोन गोष्टी बघा

एक, चौथा विषय. गुण मिळवायला सोपा म्हणून पुष्कळ मुलं भूगोल घेतात. भूगोलाची आवड असेल तर जरूर घ्या. पण रसायनशास्त्राची भीती असलेल्या मुलाने माहिती तंत्रज्ञान किंवा जीवशास्त्र घेतलं, तर पात्रतेच्या बेरजेत तो विषय रसायनशास्त्राच्या जागी उभा राहू शकतो. वर सांगितलेल्या मुलाकडे भूगोलाऐवजी माहिती तंत्रज्ञान असतं आणि त्यात नुसते ५० असते, तरी तो आत होता. सीईटीत मात्र रसायनशास्त्र चुकत नाही.

दुसरी गोष्ट क्लासवाले सहसा सांगत नाहीत. तुम्ही बारावी ज्या ठिकाणच्या कॉलेजातून देता, तिथलं विद्यापीठ हे तुमचं गृह विद्यापीठ होतं. बहुतेक खासगी कॉलेजांत राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या भागातल्या गृह विद्यापीठाच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. सोलापूरच्या मुलाने क्लाससाठी लातूरच्या कॉलेजात नाव घातलं, तर त्याचं गृह विद्यापीठ नांदेडचं होतं. मग सोलापुरातल्या घराजवळच्या कॉलेजातही तो बाहेरचा उमेदवार ठरतो. लातूरला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जाताना हे माहीत असू द्या एवढंच.

बाहेर राहणाऱ्या मराठी घरांसाठी एक शब्द. महाराष्ट्रातून दहावी-बारावी केलेल्या मुलांखेरीज इतरही उमेदवारी प्रकार आहेत. आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर एक प्रकार आहे. कर्नाटकच्या सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठीही स्वतंत्र प्रकार आहे. बेळगाव-निपाणीकडच्या पालकांनी हा रकाना जरूर बघावा. तिकडच्या कितीतरी घरांना तो माहीतच नसतो.

तिसरी पायरी: परीक्षा कशी आहे ते बघून अभ्यास वाटा

पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाचा पेपर २०० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. पहिल्या दीड तासात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. पुढच्या दीड तासात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. निम्मे गुण एकट्या गणिताचे. वेळेचा हिशेब करा: गणिताच्या प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात, बाकीच्या दोन विषयांना प्रश्नामागे ५४.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरीही दरवर्षी मुलं प्रश्न कोरे ठेवून येतात, कारण जेईईचा सराव करताना "खात्री नसेल तर सोडा" हे अंगात भिनलेलं असतं. सीईटीत एकही प्रश्न सोडायचा नाही. शेवटची पाच मिनिटं यासाठीच राखून ठेवा.

अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच आहे. साधारण २० टक्के भार अकरावीच्या ठरवून दिलेल्या प्रकरणांवर आणि ८० टक्के बारावीवर. मग मुलं म्हणतात, सर, एकच पुस्तक आहे तर बोर्डाचं वेगळं कशाला करायचं? कारण बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी हुशार मुलं निश्चित संकलनाचं उत्तर डोक्यात काढून पर्यायावर टिचकी मारतात. तेच कागदावर लिहायला सांगितलं की मर्यादा बदलायला विसरतात, मधली ओळ गाळतात आणि चारपैकी दोन गुण घेऊन येतात. बोर्डासाठी आठवड्याला दोन दिवस ठेवा आणि त्या दिवशी हाताने, वेळ लावून, पूर्ण उत्तर लिहा. डिसेंबरपासून एवढं केलं तरी १३५ ची चिंता राहत नाही.

आणि प्रयोगवही. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला ३०-३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, गणिताला २०. नावापुरतं कॉलेज आणि दिवसभर क्लास या पद्धतीत हेच गुण हातचे जातात. ३०० पैकी ८० गुण या तीन विषयांत लेखी परीक्षेच्या आधीच तुमच्या हातात असतात. ते नियमित हजेरीने आणि वही पूर्ण करून मिळतात, त्याला कुठला क्लास लागत नाही.

चौथी पायरी: बोर्डाचा निकाल लागेल त्याच दिवशी बेरीज करा

बोर्डाचा निकाल सीईटीच्या निकालाआधी लागतो. २०२५ मध्ये बारावीचा ५ मे रोजी लागला आणि सीईटीचा जूनच्या मध्यावर. या मधल्या दिवसांत घरं निवांत असतात, "आता सीईटीचं बघू" म्हणतात. पण उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा तो याच काळात. मुदत साधारण पंधरवड्याची असते. सीईटीचा निकाल येईपर्यंत ती केव्हाच उलटून गेलेली असते. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचं नेमकं हेच झालं. दोन गुणांचा प्रश्न होता, छायाप्रत मागवून बघता आली असती.

म्हणून निकालाच्या दिवशी तीन विषयांची बेरीज करा. १३५ च्या किंवा १२० च्या आसपास असाल तर त्याच आठवड्यात आपल्या कॉलेजातल्या शिक्षकांना गाठा. पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास असते, तिची तारीख आणि त्या वर्षीच्या प्रवेशाचं वेळापत्रक जुळतं का तेही विचारा.

पाचवी पायरी: पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत

"आमच्या पोरीला ८८ टक्के पडले सीईटीला," असं एक आई आनंदाने सांगत होत्या. ते टक्के नव्हते. ८८ पर्सेंटाइल म्हणजे तिच्या सत्रात बसलेल्यांपैकी ८८ टक्के मुलांचे गुण तिच्याएवढे किंवा तिच्याहून कमी आहेत. २०० पैकी गुण त्यापेक्षा बरेच कमी असू शकतात.

परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. एखादा पेपर अवघड, एखादा सोपा. म्हणून आपापल्या सत्रातल्या मुलांशी तुलना करून पर्सेंटाइल काढतात, तोही दशांशानंतर सात आकडे. शेजारच्या मुलाला तुमच्याहून चार गुण कमी असून त्याचा पर्सेंटाइल जास्त आला, तर त्यात घोटाळा नाही. त्याचा पेपर अवघड गेला होता.

आता हा आकडा माणसांत मोजा. समजा पीसीएमला चार लाख मुलं बसली. ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे साधारण ४,००० मुलं. ९५ म्हणजे २०,०००. ९० म्हणजे ४०,०००. असं मोजलं की "९० पडले, आता मोठं कॉलेज नक्की" हा समज आपोआप बाजूला होतो. पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय या नावाजलेल्या कॉलेजांत खुल्या प्रवर्गातून संगणक शाखा मिळायला ९९ च्याही बऱ्यापैकी वर जावं लागतं.

मधल्या पट्ट्यातल्या मुलांना मात्र मी मुद्दाम एक सांगतो. गर्दी मध्येच असते. ६०-७० पर्सेंटाइलच्या आसपास थोडेसेच गुण वाढले तरी हजारो मुलं मागे पडतात. वर ९८ वरून ९९ ला जायला त्याहून कितीतरी जास्त गुण लागतात. सराव परीक्षेत ६५ च्या आसपास असलेल्या मुलाने शेवटच्या महिन्यात हात टेकू नयेत. त्याच्या मेहनतीला त्या महिन्यात सगळ्यांत जास्त फळ येतं.

सहावी पायरी: कागद

कागदपत्रांवर मी घरांना रागावतोसुद्धा. इतर मागास प्रवर्गातून अर्ज करायचा तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन क्रिमीलेअर (घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), तिन्ही लागतात. नॉन क्रिमीलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. यातलं एखादं वेळेत दिलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. तेव्हा नुसती रांगच बदलत नाही, दाराची अटही १२० वरून १३५ वर जाते. बारावीत १२८ असलेला मुलगा एका कागदापायी थेट अपात्र ठरू शकतो. वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. जूनमध्ये तहसील आणि जात पडताळणी समितीच्या कार्यालयांत पाय ठेवायला जागा नसते.

सातवी पायरी: कटऑफची यादी वाचायला शिका

सीईटी सेल मागच्या वर्षांचे कटऑफ पीडीएफमध्ये देतं. पहिल्यांदा उघडल्यावर ते किड्यामुंग्यांसारखं दिसतं, पण किल्ली सोपी आहे. प्रत्येक रकान्यावर अक्षरांचा कोड असतो. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधली अक्षरं प्रवर्गाची: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. सीओईपी, व्हीजेटीआयच्या पानांवर एस दिसतं. तिथे गृह विद्यापीठाची वाटणी नाही, सगळं राज्य एका रांगेत.

म्हणजे सोलापूरच्या ओबीसी मुलीने पुण्यातलं खासगी कॉलेज बघताना शेवटी ओ असलेले ओबीसीचे दोन्ही रकाने बघायचे, जीचा आणि एलचा, शिवाय ओपनचेही. कारण तिचा पर्सेंटाइल पुरला तर खुल्या जागेवरही तिचा हक्क आहे.

रकान्यात दोन आकडे असतात: गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. लोक पर्सेंटाइलच बघतात. मी क्रमांक बघायला सांगतो. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वर्षागणिक बदलते, त्यामुळे तोच पर्सेंटाइल वेगवेगळ्या वर्षी वेगळी जागा दाखवतो. मागच्या दोन-तीन वर्षांचे क्रमांक वहीत एकाखाली एक लिहा, म्हणजे अंदाज येतो.

शिकवणी शुल्क माफ असणाऱ्या टीएफडब्ल्यूएसच्या जागा वेगळ्या दाखवलेल्या असतात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. जागा ५ टक्केच, म्हणून त्यांचा कटऑफ त्याच शाखेच्या नेहमीच्या कटऑफपेक्षा बराच वर जातो.

आठवी पायरी: पसंतीक्रम

२०२५ च्या जुलैतली एक दुपार सांगतो. एक मुलगी आणि तिचे वडील, ऊसवाले. तिला ९१ च्या आसपास पर्सेंटाइल, ओबीसी. वडिलांनी वहीत नऊ कॉलेजं लिहून आणली होती, सर्वांत वर घरापासून सर्वांत जवळचं, कारण "हे नक्की मिळतंय, सर." मुलगी काही बोलत नव्हती. मी वहीतली पानं फाडून नऊ पट्ट्या केल्या, प्रत्येकीवर एक कॉलेज आणि एक शाखा, आणि तिला म्हटलं, कटऑफ विसर, फी विसर, फक्त आवडीने लाव. तिने पुण्यातल्या तीन पट्ट्या वर सरकवल्या, मग सांगलीची, मग पुन्हा एक पुण्याची. घराजवळची नवव्या जागी गेली. वडील बघत राहिले, मग म्हणाले, "फी कशी भरायची तेवढं सांगा."

तिथे एक चांगली बातमी होती. २०२४-२५ पासून, कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च उरतो, पण तो वडिलांच्या आवाक्यातला होता.

नियम हाच: पसंतीक्रम आवडीने लावायचा, शक्यतेने नाही. वरचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. संगणक तुम्हाला तुमच्या क्रमांकावर वरून खाली तपासत येतो आणि जागा असलेली पहिली पसंती देतो. पण नक्की मिळणारं कॉलेज वर टाकलंत तर तेच मिळेल आणि तिथेच अडकाल. शेवटी दोन-तीन खात्रीची नावं मात्र हवीतच.

अडकणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. २०२५ मध्ये कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागत होती, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली तर तेच. म्हणून पहिल्या सहा नावांवर घरात बसून बोला. जिथे जायची खरोखर इच्छा नाही असं एकही नाव त्या सहांत नको. तुमच्या वर्षी हे आकडे काय आहेत ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

शेजारच्या वाटा, थोडक्यात

नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटी आणि आयआयटी जोसाच्या, म्हणजे देशपातळीवरच्या एकत्रित प्रवेशात येतात. एनआयटीची रांग जेईई मेनवर, आयआयटीची जेईई अॅडव्हान्स्डवर. तिथलं बारावीचं दार जास्त उंच आहे: ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान. अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के भार होता, २०१७ पासून तो काढला. जेईई मेन दिली असेल तर तिचा निकाल राज्याच्या अर्जातही भरा. खासगी कॉलेजांतल्या अखिल भारतीय जागांसाठी आधी तीच बघतात.

वैद्यकीयला 'नीट' ही परीक्षा. पीसीबीत (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, सीईटीची सवय तिकडे नेऊ नका.

दहावीनंतर डिप्लोमाला कसलीही प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते. पुढे डिप्लोमाच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ज्या मुलाला एका दिवसाच्या परीक्षेचा धसका आहे पण तीन वर्षं नेटाने अभ्यास होतो, त्याच्यासाठी ही वाट मला फार चांगली वाटते. ती कमी दर्जाची समजणाऱ्या पालकांशी मी नेहमी भांडतो.

शेवटची पायरी: जागा मिळाल्यावर

यादी लागली की मोबाइलवर आलेल्या संदेशावर विसंबू नका. स्वतःच्या लॉगिनमधून वाटपपत्र उतरवा, शाखेचं नाव आणि प्रवर्ग वाचा, जागा स्वीकृतीचं शुल्क मुदतीत भरा आणि मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हा. हजर होण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी संकेतस्थळ मंदावतं, म्हणून पहिल्याच दिवशी जा. पट्ट्या लावणाऱ्या त्या मुलीला तिसऱ्या फेरीत चौथी पसंती मिळाली, सांगलीची. पहाटेच्या एसटीने बापलेक निघाले, आणि साडेअकराला तिचा फोन आला की नॉन क्रिमीलेअरची मूळ प्रत घरीच राहिली आहे. मी दुसऱ्या एका विद्यार्थ्याला मोटारसायकलवर पाठवलं. तो साडेतीनला पोहोचला.